आजींनी सांगितलेला गोठा

गावठाणातल्या त्या आजींना आमच्या कार्यक्रमात बोलण्यासाठी तयार करायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. पहिल्या वेळी त्या म्हणाल्या, मला कुठे बोलता येतं चार माणसांत. दुसऱ्या वेळी घरात पाहुणे होते, त्यामुळे विषयच निघाला नाही. तिसऱ्या वेळी त्या अंगणात भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. मीही शेजारी बसून सोलायला लागले. परात भरत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय विचारशील मला?"

"जुनं सगळं. लग्न होऊन आलात तेव्हा गाव कसं होतं, घरं किती होती, काय पिकायचं."

"आणि ते बोलणं जाणार कुठे?"

"कुठे नाही जाणार, आजी. आपल्या संग्रहालयाच्या कपाटात राहील. कोणाला ऐकावंसं वाटलं तर येऊन ऐकेल."

"बरं," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांसमोर हसायचं नाही हं मला."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. बोरीवलीला आईवडिलांसोबत राहायचे आणि अंधेरीच्या एका ऑफिसात स्टेनो होते. ऐंशीच्या दशकाचा मध्य असावा. आमच्या सोसायटीपासून दहा मिनिटांवर, गावठाणाच्या तोंडाशी एक वाचनालय होतं आणि त्याच्या माडीवर दोन खोल्यांचं संग्रहालय. संग्रहालय म्हणजे काय, भात मोजायच्या पायल्या, ताडावर चढायचे दोर, शेतसाऱ्याच्या पावत्या, जत्रेचे फोटो. हे सगळं एका निवृत्त शिक्षकांनी घरोघर फिरून जमवलं होतं. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. एका रविवारी सहज माडी चढून गेले आणि तिथलीच झाले.

खरं सांगायचं तर सरांमुळे झाले. ऑफिसात मी साहेबांची पत्रं लिहायचे, आणि ती कोणाची का असेनात, मला त्यांचं काही नव्हतं. सर मात्र मला समोर बसवून सांगायचे, "अगं, आपण सोसायट्यांतली माणसं समजतो की आपण आलो तेव्हा बोरीवली सुरू झाली. इथे आधी माणसं होती. ती गेली की कोण सांगणार?" असं कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. माझे वडील गिरणीतून घरी आले की पेपर वाचून झोपायचे. सर माझं मत विचारायचे.

दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी तिथे 'आठवणींचा रविवार' व्हायचा. कल्पना सरांची, राबणं माझं. परिसरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बोलवायचं, सतरंजी घालायची, वीस-पंचवीस लोक जमायचे. मी प्रश्न विचारायचे, टेपरेकॉर्डर चालू असायचा, शेवटी चहा. मग आठवडाभर ऑफिस सुटल्यावर मी ती कॅसेट ऐकून सगळं टाइप करायचे. सरांना शब्दन् शब्द हवा असायचा. माणूस अडखळला तर अडखळणंसुद्धा. शेवटी मी लिहायचे, 'ध्वनिफितीवरून शब्दशः उतरवले', आणि खाली सही. सहीचा आग्रह सरांचाच. म्हणायचे, "उद्या कोणी अभ्यासक आला तर त्याला कळायला हवं की हे कोणी जबाबदारीने केलंय." त्या सहीचा मला अभिमान होता. ऑफिसात माझ्या हातच्या कुठल्याच कागदावर माझी सही नसायची.

आजींचा रविवार सगळ्यांत चांगला झाला. त्या नऊवारी नेसून, अबोलीची वेणी माळून आल्या. धाकट्या मुलाची बायको सोबत होती. पहिली पाच मिनिटं आजी माझ्याकडेच बघून हळू बोलत होत्या. मग कोणीतरी विचारलं, तेव्हा बिबट्या यायचा का हो, आणि त्या सुटल्याच. बिबट्या यायचा, कुत्री न्यायचा, एकदा सासऱ्यांनी त्याला शेळी समजून हाकललं होतं. लोक हसले, आजीही हसल्या. पाऊण तास कसा गेला कळलं नाही.

प्रश्नांची यादी सर आदल्या दिवशी लिहून द्यायचे. त्यात एक प्रश्न होता: चिंचेखालच्या जागेत म्हशी कधीपासून बांधू लागले, आणि ती जागा कोणी दिली? मी तो विचारला. त्या जागेत आता गोठा उरला नव्हता. गोठ्याच्या दोन खोल्या करून आजींचा धाकटा मुलगा बायकोसह तिथे राहत होता. तो कांदिवलीच्या एका कारखान्यात फिटर होता.

आजी रंगात आल्या होत्या. म्हणाल्या, "ती जागा आमची कुठली? ती शेटची. एका पावसाळ्यात आमचा जुना गोठा पडला. सासरे गेले शेटकडे, म्हणाले, पावसापुरत्या बांधू द्या. शेट म्हणाला, बांध. पाऊस गेला, तरी आम्ही काय उठलो नाय. शेट पण काय बोलला नाय. म्हैस व्याली की पहिला खरवस त्याच्या घरी जायचा, दर वेळी. मीच न्यायची डोक्यावर भांडं घेऊन. परवानगीची आठवण म्हणून सासरे म्हणायचे, चुकवायचं नाय."

सुनेने त्यांच्या पदराला हात लावल्यासारखं केलं होतं. ते मी पाहिलं. मला वाटलं, वेळ झाली असं सुचवतेय.

कार्यक्रम संपल्यावर सर मला म्हणाले, "आजचं जरा लवकर टाइप कर. फार मोलाचं आहे." मी चार दिवसांत करून दिलं, सहीसकट. नंतर एकदा आजींना माडीवर आणून त्यांची कॅसेट ऐकवली. स्वतःचा आवाज ऐकून त्या लाजल्या होत्या.

पुढे सात-आठ महिने गेले. एका शनिवारी दुपारी आजींचा धाकटा मुलगा आमच्या दारात उभा राहिला. मी त्याला आत बोलावलं, तो आला नाही. त्याच्या हातात कागदांची जाड गुंडाळी होती.

"ताई, ही सही तुमची आहे ना?"

मी बघितलं. माझंच टाइपिंग होतं, झेरॉक्स केलेलं. 'ती जागा आमची कुठली' या ओळीखाली कोणीतरी रेघ मारली होती. शेवटच्या पानावर माझी सही.

"तुम्हाला कुठे मिळालं हे?"

"कोर्टातून. आमच्यावर केस आहे, दीड वर्ष झालं. शेटच्या नातवांनी जागा बिल्डरला विकली. आमचं म्हणणं होतं, आम्ही तिथे आपली जागा म्हणून राहतोय, पन्नास वर्षं कोणी उठवलं नाही. वकील म्हणाला होता, केस चांगली आहे." तो थांबला. "आता तो म्हणतो, परवानगीने राहिलात हे तुमच्याच आईने सांगितलंय. परवानगीने बसलेल्याला कधीही उठवता येतं."

मला केस माहीत नव्हती. ते मी त्याला सांगितलं.

"तुम्हाला माहीत नसेल," तो म्हणाला. "पण आईला हे विचारायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

मला उत्तर माहीत होतं. तो जिना उतरून गेला. आई आतून सगळं ऐकत होती. आमचं घर मालवणकडचं, ती घरात मालवणीच बोलायची. ती एवढंच म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाचा बोलणा कागदार कित्याक उतरवलंस गो?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माडीवर एका शाळेची सहल आली होती आणि सर मुलांना पायली म्हणजे किती, शेर म्हणजे किती, ते तांदूळ ओतून दाखवत होते. मुलं खूश होती. मी मागे उभी राहिले. सरांनी मला बघून मान हलवली, नेहमीसारखी. मुलं गेल्यावर मी कागद त्यांच्यासमोर ठेवले. रात्री मी माझ्याकडच्या कार्बन प्रतीवर तीच रेघ मारून आणली होती.

त्यांनी ओळखलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वाचनालयाला माडी परत हवी आहे," ते म्हणाले. "तुला सांगायचं होतं. सहा महिन्यांत खाली करायची आहे. हे सगळं घेऊन मी कुठे जाऊ? माझ्या दोन खोल्यांच्या घरात? चिंचेखालच्या जागेवर बिल्डर बांधणार आहे त्या नव्या इमारतीत तळमजल्यावर आपल्याला हॉल मिळतोय. कायमचा, लेखी."

"आणि त्यासाठी आजींचं बोलणं दिलंत."

"बिल्डरच्या वकिलाने प्रत मागितली, मी दिली. संग्रहालयातला कागद कोणालाही बघता येतो."

"तो प्रश्न तुम्ही आधीच लिहून ठेवला होता, सर. जागा कोणी दिली म्हणून. तेव्हा बिल्डरशी बोलणी चालू होती?"

 ते सांडलेले तांदूळ बोटाने गोळा करत राहिले. मग म्हणाले, "चालू होती."

मला वाटत होतं, ते नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता, इतकी तयारी करून मी गेले होते.

"आजी खोटं बोलल्या का?" त्यांनी विचारलं. "तू काही चुकीचं उतरवलंस का? मग आपण काय गुन्हा केला? इतिहास सोयीचा असतो तेवढाच ठेवायचा का?"

"मी त्यांना सांगितलं होतं, ते कपाटात राहील."

"ते तू सांगितलंस," सर म्हणाले.

मी माझ्याकडची किल्ली टेबलावर ठेवली आणि खाली आले. किल्ली ठेवताना ते अडवतील असंही वाटलं होतं. त्यांनी अडवलं नाही.

त्या आठवड्यात अर्धी रजा टाकून मी आजींच्या वकिलांकडे गेले. म्हटलं, मी लिहून देते की टाइप करताना माझी चूक झाली. वकील म्हातारे आणि दमलेले होते. त्यांनी विचारलं, "झाली होती का?" मी टेबलावरच्या फायलींकडे बघितलं. "कॅसेट आहे ना त्यांच्याकडे?" मी म्हटलं, आहे. "मग तुम्ही खोट्या ठराल, आणि आम्ही तुमच्यासोबत." त्यांनी मला चहाही विचारला नाही.

केस निकालापर्यंत गेलीच नाही. आजींच्या मुलाने तडजोड केली. त्याला भांडुपला एक खोली मिळाली आणि चिंचेखालच्या दोन खोल्या पडल्या. गावठाणातलं जुनं घर थोरल्या मुलाकडे राहिलं. पण थोरल्याचं म्हणणं, आईच्या तोंडामुळे धाकट्याचं घर गेलं, तर आईला आता धाकट्यानेच सांभाळावं. म्हणून आजी भांडुपला गेल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी बोरीवली सोडली नव्हती.

इमारत उभी राहिल्यावर संग्रहालय नव्या हॉलमध्ये गेलं. उद्घाटनाची पत्रिका मला पोस्टाने आली. आत सरांच्या अक्षरात 'अवश्य ये' असं लिहिलेलं. मी गेले नाही. कार्यक्रमाला खूप गर्दी झाली, असं नंतर शेजारच्या काकूंनी सांगितलं. त्यांनी हौसेने सगळं वर्णन केलं. 'आमच्या भागाचे साक्षीदार' म्हणून भिंतीवर म्हाताऱ्या माणसांचे मोठे फोटो लावले होते आणि त्यात अबोलीची वेणी घातलेल्या एक आजी होत्या, इतक्या गोड हसत होत्या म्हणे. मी स्वयंपाकघरात निघून गेले. काकूंना वाटलं, दूध उतू जातंय.

सरांवर माझा राग होता, आणि तो राग जितका खरा होता तितकंच त्यांनी मला दिलेलंही खरं होतं. मी त्यांच्याइतकं कोणालाच मानलं नव्हतं. म्हणून मी कुठे बोललेही नाही. स्टेशनवर दोनदा ते समोरून आले. एकदा मी नजर चुकवली, एकदा त्यांनी.

भांडुपला मी साधारण वर्षाने गेले. पत्ता मिळवायला थोरल्या सुनेच्या विनवण्या कराव्या लागल्या. तिसरा मजला, अरुंद गॅलरी, दारात तुळशीचा डबा. आजी पलंगावर बसल्या होत्या. मला वाटलं होतं, त्या तोंड फिरवतील. त्या म्हणाल्या, "ये गं. किती बारीक झालीस."

मी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, "आजी, मला खरंच माहीत नव्हतं."

"असेल," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "इथे बोलायला कोण नाय. खालच्या बाया गुजराती, वरच्या मद्रासी. जिना उतरवत नाय." आणि मग त्या सांगायला लागल्या. भांडुपच्या पाण्याचं, गुडघ्यांचं, मग हळूच मागे गेल्या, सासऱ्यांचं, तळ्यातल्या माशांचं. कोणीतरी ऐकतंय एवढ्याने त्यांचा चेहरा उजळला होता. मी ऐकत होते आणि मला धड ऐकताही येत नव्हतं.

सून ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने मला चहा दिला. आजींना जरा डुलकी लागली, तशी ती माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात बोलू लागली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं.

"त्या दिवशी मी त्यांना थांबवायला बघत होते," ती म्हणाली. "तुमच्यासमोर नाही थांबवता आलं. तुम्ही इतक्या प्रेमाने विचारत होता." तिने माझ्या हातातला रिकामा कप घेतला. "ताई, तुम्ही येत जाऊ नका. हे घरी असले तर बोलतील काहीतरी. आणि आई तुम्हाला बघितलं की बोलत सुटतात. त्यांना कळत नाही, कोणाजवळ काय बोलावं."

आजी झोपल्या होत्या, म्हणून मी त्यांना उठवलं नाही. चपला घालताना सून दार धरून उभी होती. मी जिना उतरायला लागले तेव्हा आतून आजींचा आवाज आला, "गेली का गं ती?" सुनेने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मी खाली आले, रस्ता ओलांडला आणि बस कुठून सुटते ते एका पानवाल्याला विचारलं.