दोन खोल्या झाल्या की सुट्टी

सफरगुलशी कुणी गोड बोललं की ती आधी खिसा चाचपायची. ताजिकिस्तानातल्या खुजंद शहरातल्या निम्म्या भिंतींना तिच्या हातचा गिलावा, आणि साहेबलोकांनी तिला मारलेल्या थापा उरलेल्या निम्म्यांना पुरून उरतील एवढ्या!

त्यामुळे नवा इंजिनिअर अकोबिर जेव्हा म्हणाला, "प्रत्येकीच्या दोन खोल्या गिलावून झाल्या की घरी जा, मजुरी पूर्ण दिवसाची," तेव्हा बाया हरखल्या आणि ही एकटी कपाळाला आठ्या घालून बसली.

"पाणी कुठंतरी मुरतंय, बायांनो. दुपारी उरकलंत की म्हणेल, मग तीन करा. बोट दिलं की मनगट धरतात हे. दोन खोल्या संध्याकाळपर्यंत पुरवायच्या, सांगून ठेवते."

टोळीत तिचा शब्द मोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मोडला तो मोहिरानं. नुकतीच बाळंतपणातून उठून आलेली पोर, पण हात असा चाले की दुपारच्या चहालाच दोन्ही खोल्या तयार, आणि ही घराकडे पसार.

"साहेबाला आपला वेग दाखवते टवळी!" सफरगुल कडाडली. "कालवलेला माल तिला सगळ्यात शेवटी द्या. बघू कशी पळते."

मग मोहिराही संध्याकाळपर्यंत अडकू लागली. तिच्या वाटीत कुणी चहा ओतेना, नानचा तुकडा तिच्याकडे सरकेना. ती मध्येच थापी टाकून गायब व्हायची. चहाड्या करायला जाते, दुसरं काय!

एक दिवस सफरगुल तिच्या मागोमाग गेली. आज रंगेहाथ धरायचीच. पण मोहिरा ऑफिसकडे वळलीच नाही. जिन्याखाली, सिमेंटच्या पोत्यांआड, ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. कुर्ता पुढून भिजलेला. ओठ चावत ती अंगावरचं दूध मातीत पिळत होती.

"अगं मेले, सांगायचं नाहीस?"

"कुणाला सांगू, मावशी? माझ्याशी बोलतं कोण? सासू म्हणते, दुपारी पाजायला येणार नसशील तर काम सोड. नवरा रशियात, त्याचा पत्ता नाही. काम सोडून खाऊ काय?"

सफरगुलला स्वतःचीच शिसारी आली. तशीच ती वर गेली आणि ओरडली, "माल आधी मोहिराला! आणि तुम्ही काय बघताय? हात चालवा!"

त्या दिवसापासून सगळी टोळी दुपारीच मोकळी होऊ लागली. आठवडाभरानं अकोबिर हसत हसत भिंती बघून गेला. जाता जाता म्हणाला, "शाबास! उद्यापासून तीन खोल्या."

एकेका बाईची नजर मोहिराकडे वळली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"तिच्याकडे काय बघता?" सफरगुल म्हणाली. "हात चालवायला मी सांगितलं. काय बोलायचंय ते मला बोला." आणि मोहिराकडे न बघताच पुढं म्हणाली, "तुझी तिसरी खोली मी करीन. तू दोन झाल्या की नीघ."