सीलबंद खोलीच्या सहा खिडक्या

"मॅडम, तिथंच थांबा. पुढं जाता येणार न्हाई," पहाऱ्यावरचा पोलीस म्हणाला.

मी थांबले. पण जे दिसायचं ते दिसलंच होतं. ज्या सहा खिडक्यांवर आम्ही चार महिने घालवले, त्यांत एकही काच नव्हती. आतून लोखंडी पत्रा मारला होता.

भोकरदन तालुक्यातली ही निजामाच्या काळातली कचेरी. मी जुन्या इमारती दुरुस्त करणारी इंजिनिअर. खिडक्या स्टीलच्या, बारीक चौकटींच्या, प्रत्येकीत आठ काचा. स्टील गंजलं तरी घासून, जोड लावून पुन्हा उभं करता येतं. काचेचं तसं नाही. या जुन्या काचेत हलकी लाट असते. बाहेरचा लिंब तिच्यातून जरासा डुलल्यासारखा दिसतो. तशी काच आता बाजारात मिळत नाही. फुटली की संपलं. म्हणून काच चौकटीत धरून ठेवणारी, दगड झालेली जुनी पुट्टी आम्ही ऊब देऊन, सुरीच्या टोकानं इंच इंच काढली होती. अठ्ठेचाळीसपैकी एकही काच गमावली नव्हती. शनिवारी नवी पुट्टी भरली आणि सोमवारी मी हँडओव्हरसाठी आले, तर हे.

कचेरीतलं सामानसुमान ज्यांच्या ताब्यात असतं त्या नाझरसाहेबांना मी व्हरांड्यातच गाठलं.

"हे काय केलं तुम्ही?"

"इलेक्शनच्या मशिनी ठेवायच्यात. खोली स्ट्राँगरूम झाली. खिडक्या पक्क्या बंद पाहिजेत, अशी वरून ऑर्डर आल्ती."

"आणि काचा?"

"काचाचं मला न्हाई माहीत. पत्रा मारा म्हणलं, बराबर मारला."

"कोणी मारला?"

"तुमच्याच रामकिसननं. रविवारी दुसरा वेल्डर कुठून आणू?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. रामकिसन माझा फिटर. नऊ वर्षं माझ्यासोबत. काच हातात घेताना श्वास रोखणारा माणूस. त्यानं हे केलं?

तडक गाडी काढली आणि धावड्याला त्याच्या घरी गेले. रस्ताभर त्याला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. तो अंगणात वेल्डिंगचं मशीन पुसत बसला होता.

"काचा कुठायत, रामकिसन?"

"घरात हायेत. या ना."

आतल्या खोलीत पलंगावर गोधडी होती. त्याच्या बायकोनं ती हळूच उलगडली. घडीघडीत काचा, मधे जुन्या साड्या. प्रत्येकीवर खडूनं खिडकीचा आणि चौकटीतल्या घराचा नंबर. मी मोजल्या. अठ्ठेचाळीस. मग तिथंच पलंगाच्या कडेला टेकले.

"मी न्हाई म्हणलो असतो मॅडम, तर दुसऱ्यानं काचंसगट वेल्डिंग मारली असती. ठिणगी बसली की काच गेलीच. पुट्टी ओलीच व्हती, म्हणून जल्दी निघाल्या. पत्र्याला दर खिडकीला वेल्डिंगचे चारच टाके मारले. ग्राइंडर लावला की निघतेत."

"मला विचारायचं तरी!"

"तीनदा फोन लावल्ता."

खरं होतं. रविवारी त्याचा फोन म्हणजे सुट्टीचा, असं समजून मी उचललाच नव्हता. फार लाज वाटली. बायकोनं चहा दिला, तो खाली मान घालून प्यायले.

मतमोजणी झाली, खोलीचं सील निघालं. रामकिसननं टाके घासून काढले, डागांवर प्रायमर मारला आणि सगळ्या काचा आपापल्या घरात परत बसवल्या. सहाही खिडक्या उघडतात.

चार महिन्यांत मी त्या खिडक्यांचं स्टील मोजलं, गंज मोजला, काचेची जाडी मोजली. त्या खोलीचं पुढं करणार काय, हे मात्र कोणाला एकदाही विचारलं नाही. आता तो प्रश्न माझ्या यादीत पहिला असतो. आणि रामकिसनचा फोन मी पहिल्या रिंगलाच उचलते. बहुतेक वेळा त्याला सुट्टीच हवी असते.