मावशीचा टकल्या राजा

माझी मावशी लहान मुलांचे केस कापते. फक्त लहान मुलांचे. मोठ्या माणसांना ती दारातूनच परत पाठवते, कारण तिच्या मते त्यांना सरळ बसता येत नाही आणि वर दटावायचीही सोय नसते. चावीवाला आणि लाँड्री यांच्या मधोमध तिचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, आणि अगदीच चिमुरडं गिऱ्हाईक आलं तर खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची एक फळी. कॉलेज जवळ पडतं म्हणून मी दोन वर्षं मावशीकडेच राहते आणि संध्याकाळी दुकानात केर काढते. केर म्हणजे केसच.

खुर्चीत बसलेलं मूल हलतं. यावर मावशीने बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या डोक्यातून एक उपाय काढला: टकल्या राजाची गोष्ट. एका राजाचे केस मुकुटाच्या ओझ्याला कंटाळून एका सकाळी पळून जातात आणि राजा त्यांना शोधायला निघतो. राजा राक्षसाच्या गुहेपाशी येऊन श्वास रोखतो, तसं मूलही श्वास रोखतं आणि मावशी कानामागचे केस कापून घेते. मग राक्षसाची बायको कूस बदलते, तेव्हा दुसरा कान. राजा विहिरीत वाकून बघतो, तेव्हा मूल मान खाली घालतं आणि मानेवरचे केस निघतात. शेवटी वाळूचं वादळ येतं, राजा डोळे मिटतो, आणि मुलाच्या कपाळावरची झुलपं सरळ रेषेत कापली जातात. असे चार थांबे. कुरळ्या केसांच्या मुलासाठी राजा एक डोंगर जास्त चढतो. केस विरळ असले तर विहीर राजवाड्याशेजारीच निघते. मग केस परत येतात, राजा त्यांची माफी मागतो आणि मूल डोळे उघडून आरशात बघतं.

आता माझा पराक्रम सांगते. आमच्या सरांनी प्रकल्प दिला, ‘आपला सांस्कृतिक वारसा’ या विषयावर दहा मिनिटांचा पॉडकास्ट. दहा म्हणजे दहा, अकरावं मिनिट ते ऐकणार नव्हते. वर्गातल्या मुलांनी जुने पूल धरले, जुनी हस्तलिखितं धरली, एकीने तर जुने आजोबाच धरले. माझ्याकडे जुनं असं काही नव्हतं. मग मी फोन आरशापाशी ठेवला आणि मावशीची गोष्ट रेकॉर्ड केली. तिला वाटलं मी रील बघतेय. घरी येऊन कात्रीचा आवाज गोंगाट म्हणून काढून टाकला, त्यामुळे चारही थांब्यांवर नुसती शांतता उरली. गोष्ट अकरा मिनिटांची भरली, म्हणून शेवटचं मिनिट उडवलं. म्हणजे केस परत येतात तेच. आणि सुरुवातीला आवाज जड करून बोलले, “हजार वर्षांपूर्वीची ही लोककथा…” हजारच का? सातशे म्हटलं असतं तर कुणीतरी पुरावा मागितला असता. हजाराला कुणी काही विचारत नाही.

सरांनी पन्नासपैकी अठ्ठेचाळीस दिले. मी ते नेटवर टाकलं आणि महिनाभर हवेत होते.

मग ते गंभीररावांच्या कानावर गेलं. हे नाव मी ठेवलेलं. त्यांचा पॉडकास्ट लाखो लोक ऐकतात आणि त्यांचा आवाज असा खोल, की ते ‘नमस्कार’ म्हणाले तरी कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. त्यांनी टकल्या राजावर एक तास चाळीस मिनिटांचा भाग केला. टक्कल म्हणजे वैराग्य. मुकुट म्हणजे अहंकार. आणि कथेतली चार मौनं म्हणजे आत्म्याच्या प्रवासाचे चार टप्पे. केस परत येत नाहीत, हे तर त्यांच्या मते कथेचं सार होतं. ते ऐकताना मी हसून लोळले. त्यांच्या भागाचा हवाला एका वेबसाइटने दिला, वेबसाइटचा हवाला नेटवरच्या ज्ञानकोशाने दिला, आणि पुढच्या भागात गंभीररावांनी ज्ञानकोशाचा हवाला दिला. सगळे एकमेकांकडे बोट दाखवत गोल उभे होते आणि मधोमध मी, मूग गिळून.

हसू गेलं ते दुकानात. एक बाई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मावशी शेवटाला आली, केस परतीच्या वाटेला लागले, तोच बाई म्हणाल्या, “ताई, चुकतंय तुमचं. मूळ गोष्टीत केस परत येत नाहीत. तुम्ही ऐकलं नाहीत वाटतं?”

मावशीची कात्री थांबली. बावीस वर्षांत तिला कुणी असं म्हटलं नव्हतं.

बाई गेल्यावर ती मला म्हणाली, “नेटवर बघ गं, खरी गोष्ट काय आहे ती.”

“अगं, तूच रचलीस ना?”

“मला तसं वाटायचं. लहानपणी कुठेतरी ऐकली असेन. एवढी शिकलेली माणसं उगाच सांगतील का?”

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. मला अठ्ठेचाळीस गुण दिसत होते. मी म्हणाले, “आवृत्त्या असतात गं वेगवेगळ्या,” आणि झाडू उचलला.

दुसऱ्या दिवशी मावशीने ज्ञानकोशाचं पान छापून आणलं, आरशाला चिकटवलं आणि चष्मा लावून त्यातून वाचायला लागली. “राजाच्या मस्तकावरील केशसंभाराने प्रस्थान केले.” मुलं खुर्चीतून प्रस्थान करायला लागली. त्या पानात गुहा आधी नि विहीर मागाहून असा क्रमच नव्हता, म्हणून कुणी केव्हा थांबायचं ते मुलांना कळेना. तीन दिवसांत तिने वाचन सोडलं आणि मुकाट्याने कापायला लागली. मुलांच्या हातात आया मोबाइल द्यायच्या आणि मुलं त्यात मान घालून बसायची. पुढच्या महिन्यात त्याच बाईंच्या मुलीची झुलपं वाकडी कापली गेली. मावशीच्या हातून झुलपं वाकडी! मुलगी रडली, आणि ती गेल्यावर मावशी रिकाम्या खुर्चीत बसून म्हणाली, “हात गेला माझा. आता बंद करावं दुकान.”

मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. फोन, कात्रीचा आवाज, उडवलेलं मिनिट, हजार वर्षं.

मावशीने आरशातून माझ्याकडे बघितलं. “हजार वर्षं तू घातलीस?”

“हो.”

“मला विचारलंही नाहीस?”

“नाही.”

“आणि मी तुझ्या हजार वर्षांना घाबरून माझा राजा घालवून बसले.” ती उठली, तो कागद टराटरा फाडला आणि मला म्हणाली, “हाही केर तूच काढ. नेटवरचासुद्धा.”

नेटवरचा केर निघत नाही. मी ज्ञानकोशात दुरुस्ती केली, ती चार मिनिटांत कुणीतरी पुसली. कारण दिलं, ‘विश्वसनीय आधार नाही.’ आधार दुकानात बसून कात्रीला तेल देत होता. गंभीररावांना लिहिलं. त्यांचं सौम्य उत्तर आलं: लोककथेला मालक नसतो, ती सगळ्यांची असते, तुमच्या मावशी या परंपरेच्या एक वाहक आहेत. हेच वाक्य मीही परीक्षेत लिहिलं होतं, त्याला चार गुण मिळतात. पण माझ्या लक्षात आलं, की ‘सगळ्यांची’ म्हणणारा नेहमी माइकपाशी असतो आणि वाहक म्हणवून घ्यायची वेळ कात्रीपाशी असलेल्या बाईवर येते. सरांना वर्गात सांगितलं. त्यांनी अठ्ठेचाळीसचे एकोणीस केले. वर म्हणाले, प्रामाणिकपणाचे धरले नसते तर नऊच होते.

एवढं होऊनही मावशी गोष्ट सांगेना. मी विषय काढला की म्हणायची, “बघू.” तिला राग माझा होता, पण भीती गंभीररावांच्या त्या खोल आवाजाची होती.

महिन्याभराने त्या बाई मुलीला घेऊन पुन्हा आल्या. मावशीने फळी टाकली, मुलीला बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. मुलीने हातातला मोबाइल आईकडे परत दिला आणि म्हणाली, “गोष्ट?”

मावशीने कंगवा उचलला. मी झाडू धरून उभी.

“पण केस परत येत नाहीत ना?” मुलीने विचारलं. “पॉडकास्टवाले काका म्हणाले.”

बाई काही बोलणार होत्या. मावशीने कात्री हातात घेतली. “त्या काकांच्या राजाचे गेले असतील. त्यांना विचार कुठे गेले ते. माझा राजा या खुर्चीत बसलाय, आणि त्याच्या डोक्यावर किती केस ठेवायचे ते मी ठरवते.”

मुलीने आरशात स्वतःला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “मग पुढचे सरळ ठेवा. मागच्या वेळी वाकडे झाले होते.”

“होतील सरळ,” मावशी म्हणाली. तिने मुलीच्या केसांवर पाण्याचा फवारा मारला आणि राजाला झोपेतून उठवलं.