पाहुणा आला तवापासून

रेंजरसाहेब भरलेली बंदूक घेऊन अंगणात उभे होते आणि कुत्रा पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हता. त्यांची सात वर्षांची शालू हाताला फडकं गुंडाळून आईला बिलगून रडत होती. मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि आधी पाणी आणि साबण मागितला.

धानोऱ्याच्या दवाखान्यात मी तेव्हा नर्स होते. डॉक्टर गडचिरोलीहून आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे सहा दिवस बाळंतपणं, ताप, विंचू, अस्वलाने ओरबाडलेली माणसं, सगळं माझ्याकडे. कुत्रं चावणं नेहमीचंच. पण रेंजरसाहेबांचा टॉमी चावला म्हटल्यावर अर्धं गाव फाटकाशी येऊन उभं होतं.

शालूच्या मनगटाजवळ दोन दात रुतले होते. मी दहा मिनिटं जखम धुतली, कार्बोलिक लावलं. ती किंचाळली. तेवढ्या वेळात साहेबांनी हकीकत सांगितली. आठ दिवस टॉमी खात नव्हता. लाळ गाळायचा, थरथरायचा, घरभर येरझारा घालायचा. आज शालूने त्याला पट्टा धरून मागच्या पडवीत, त्याच्या अंथरुणावर न्यायला ओढलं तर चावला. पिसाळलाय, दुसरं काय? एक गोळी, विषय संपला.

"घाला गोळी," मी म्हणाले. "पण मग शालूला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावीच लागतील, रोज एक. कुत्रा बांधून ठेवला आणि दहा दिवस नीट राहिला, तर मधेच थांबवता येतील."

साहेब थांबले. मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. पिसाळलेला कुत्रा चावल्यानंतर दहा दिवस काढत नाही. काढले, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता असं धरतात. त्याला मारला तर डोकं बर्फात घालून तपासणीला पाठवावं लागतं, आणि धानोऱ्यात बर्फ कुठला?

साहेबांच्या पत्नी, सुमनबाई, धावत पाण्याचं भांडं घेऊन आल्या. टॉमी पलंगाखालीच लपलप पाणी प्यायला. फाटकाशी सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मला पुन्हा वाईट व्हावं लागलं. पाण्याची भीती हा रोग झालेल्या माणसाला वाटते. पिसाळलेला कुत्रा पाणी पिऊ शकतो. त्यावरून काही ठरत नाही.

चौकीदाराने लांब काठीला फास लावून त्याला बाहेर ओढला आणि अंगणातल्या कडुलिंबाला साखळीने बांधला. आणि दहा मिनिटांत टॉमी गप्प बसला. लाळ थांबली. डोळे मिटायला लागले.

हे मला खटकलं. जागा बदलली म्हणून रोग उतरत नाही. मग मी पेशंटला विचारते तेच विचारायला घेतलं. कधीपासून? त्याच्या आधी घरात काय बदललं? साहेब म्हणाले, काही नाही. सुमनबाई म्हणाल्या, काही नाही. मागे भांडी घासत होती मैनाबाई, जवळच्या गोंड पाड्यावरची. तिला विचारलं.

"पाहुना आला ना बाई, तवापासून असाच करून राह्यला तो."

"कोण पाहुणा?"

ती पुन्हा भांड्यांकडे वळली. मला वाटलं, धागा मिळाला. कोणा पाहुण्याने कुत्र्याला लाथाडलं असेल आणि हे लोक भिडेपोटी लपवताहेत. मी अमरावतीची. पाहुणा म्हणजे पाहुणा. मी अंगणात येऊन सरळ साहेबांना विचारलं, आठ दिवसांत कोण पाहुणे राहून गेले?

"दिवाळीपासून कोणी आलं नाही."

"मैनाबाई म्हणते आला होता. कुत्र्याला कोणी मारलं असेल तर मला कळायला हवं."

तोंडातून गेल्यावर कळलं की फाटकाशी सगळे ऐकताहेत. साहेब आठ दिवस दौऱ्यावर होते, कालच परतले होते. ते हळूच बायकोकडे वळले.

"सुमन, मी नसताना कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"मैना खोटं कशाला बोलेल?"

"मग मी खोटं बोलते?"

सुमनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. शालूचं रडणं थांबलं. साहेबांच्या हातात बंदूक तशीच होती. मी हात पुढे केला आणि म्हणाले, ती इकडे द्या. त्यांनी दिली. मी ती चौकीदाराकडे सोपवली आणि मागे जाऊन मैनाबाईजवळ उकिडवी बसले. या वेळी आवाज खाली ठेवला.

"मैनाबाई, पाहुणा माणूस होता का?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मीच पिसाळले आहे.

"मानूस काऊन राहीन बाई? तुमाले नाई समजत का? नाव नाई घेत आमी त्याचं. नाव घेतलं का तो आयकते."

आणि हनुवटीने तिने पडवीवरचा माळा दाखवला.

मी शिडी लावून वर चढले. गोणपाटात गुंडाळलेली मोठी वळकटी होती. उलगडली तर खडेमीठ सांडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि त्याखालून दुसराच, उग्र. वाघाचं कातडं. बरोबर खाली टॉमीचं अंथरूण.

साहेबांना शिकारीच्या कॅम्पवरून ते भेट मिळालं होतं. नीट कमावायला मद्रासकडे पाठवायचं होतं. त्यांनी ते माळ्यावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर गेले. घरातला बदल म्हणून ते ना त्यांना आठवलं, ना सुमनबाईंना. वाघाचा वास आला की गावातली कुत्री गुमान घरात शिरतात. टॉमीला तो वास घरातच होता, त्याने शिरायचं कुठे? साहेबांची जंगलात नऊ वर्षं गेली होती, पण पाहुणा म्हणजे कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मैनाबाईशी ते कधी बोललेच नव्हते.

कातडं त्याच दिवशी लाकडाच्या डेपोत गेलं. साहेब म्हणाले, मग आता साखळी सोडू? मी नाही म्हटलं. कातडं सापडलं म्हणून कुत्रा निर्दोष ठरत नाही. वाघाला भ्यालेला कुत्राही पिसाळलेला असू शकतो. मोटारीने लस तिसऱ्या दिवशी चांद्याहून आली आणि शालूची इंजेक्शनं सुरू झाली. रोज सकाळ-संध्याकाळ मी टॉमीला बघायला जायचे. चौथ्या दिवशी त्याने दूधभात खाल्ला.

सहाव्या दिवशी सकाळी तो पुन्हा थरथरत होता. हनुवटीवरून लाळ गळत होती. डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला मी बसलेही. मग मान वर केली तर कुंपणावर गोणपाट वाळत होतं. चौकीदाराने डेपोत राहिलेलं रिकामं गोणपाट आदल्या संध्याकाळी जपून परत आणलं होतं. चांगलं गोणपाट फुकट कशाला घालवायचं, म्हणाला. मी ते जाळायला लावलं. दुपारी टॉमी जेवला, पण मला चार दिवस झोप नीट लागली नाही.

दहा दिवस झाले. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी येऊन टॉमीला नीट पाहिलं, त्याच्या तोंडासमोर काठी धरली, चालवून बघितलं आणि शालूच्या कागदावर 'बंद' असं लिहिलं. आठ इंजेक्शनं झाली होती, सहा वाचली. शालूने पोट दाबून विचारलं, उरलेली सहा कोणाला देणार? डॉक्टर म्हणाले, नर्सबाईंना.

साहेबांनी बायकोची माफी मागितली असावी, माझ्यासमोर नाही. सुमनबाईंनी मला त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं नाही. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मैनाबाई खरं बोलली होती, सुमनबाई खरं बोलत होत्या, कुत्राही आपल्या परीने खरंच सांगत होता. घोळ घातला तो मी, एक शब्द न समजता चारचौघांत मोठ्याने बोलून.

तेव्हापासून पेशंटचा शब्द मी त्याने म्हटला तसाच कागदावर लिहिते आणि पुढचा प्रश्न हळू आवाजात विचारते: म्हणजे काय?