न लावलेले हब

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही, पत्नीजवळही नाही. तुम्ही ऐकून घ्याल, एवढ्या विश्वासावर बोलतो आहे.

चोपड्याच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्याकडे जंगलातून वाट जाते — आधी नाला, मग मुरमाची उभी चढण. माझ्या जुन्या जीपची हौस मी तिथे भागवीत असे. सोबत आबा, सत्तरीचे, केळीचे बागायतदार. त्या वाटेवर गाडी न्यायची तर लोक त्यांनाच बोलावीत. चढणीला ते खाली उतरत, मागून चालत आणि गाडी अडली की चाकामागे दगड लावीत. "गाडी तुमनी, पण वाट मनी शे," असे मला चिडवीत.

या जीपला चारही चाकांचा जोर हवा असेल, तर आधी उतरून पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवावे लागतात. नाल्यापाशी आबांनी विचारले, "भाऊ, हब लाया का?"

मी हो म्हणालो. लावले नव्हते. का? — खाली चिखल होता आणि माझे बूट नवे होते. याहून मोठे कारण मी पुष्कळ शोधले, सापडले नाही.

निम्म्या चढणीवर मागची चाके जागीच फिरू लागली. गाडी थांबली — आणि मागे घसरली. ब्रेक पूर्ण दाबला होता, मुरूम धरेना. आबा दगड घेऊन वाकलेले होते. त्यांचा आवाज मी ऐकला.

गाडी सागाच्या खोडाला अडली. पाड्यावरची माणसे धावत आली, आबांना उचलून सावलीत नेऊ लागली. तेव्हा मी काय केले? मी पुढच्या चाकापाशी गुडघे टेकले आणि हब लावले. एक — मग दुसऱ्या बाजूला जाऊन दुसरा.

दवाखान्यात त्यांच्या मुलाने विचारले, तेव्हा मी हळू आवाजात म्हणालो की दगड लागायला जरासा उशीर झाला.

आबांनी खाटेवरून मान हलवली. "मालेच उशीर व्हयना," ते म्हणाले.

मोडलेला पाय जुळला, थोडा आखूड. वाट मात्र त्यांनी सोडली. कुणी बोलावायला आले, तर आता हातांचा भरवसा नाही, असे सांगतात. हात ठणठणीत आहेत — मला ठाऊक आहे. दर हिवाळ्यात त्याच हातांनी ते मला केळीचा घड देतात, आणि मी घेतो.

आबा हयात आहेत. मी राहतो त्या धुळ्याहून चोपडा दोन तासांवर; रस्ता डांबरी आहे. आणि हे मी त्यांना नव्हे — तुम्हाला सांगितले.