आम्रखंडात पडता पडता राहिलेली बाटली

मंडळी, आज शुक्रवार, सुट्टी. दुपारी घरी जे झालं ते सांगतो.

मी वेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढतो. इथे मस्कतमध्ये विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे माझा आवडता हापूस फ्लेवर मिळत नाही. चार महिने तो घरीच जमवायचा प्रयत्न करतोय. ग्लिसरीन, केकचा मँगो इसेन्स, निकोटीन. दरवेळी खोकल्याच्या औषधाची चव.

या वेळचं मिश्रण अंधारात मुरावं म्हणून बाटली मसाल्यांच्या डब्यांमागे ठेवली होती.

आज बायको आम्रखंड करत होती. बाटली उघडून म्हणाली, "हा इसेन्स कधी आणलास? अगदी हापूसचा वास येतोय रे." शेजारी आमची आठ वर्षांची सई चमचा घेऊन उभी. बायको बाटली तिरकी करणार, तेवढ्यात मी हिसकावली.

आत काय आहे ते तिला सांगितलं. एक थेंबही पडला नव्हता, तरी सगळं आम्रखंड तिने कचऱ्यात टाकलं.

बाटली मी सिंकमध्ये ओतली. पण प्रमाण वहीत लिहिलेलं आहे, आणि ते पहिल्यांदाच जमलं होतं.

तुमच्यापैकी कुणाचं वेप खरंच सुटलंय का? तासभर वही पुढ्यात घेऊन बसलोय. ते पान फाडवत नाही.