क्लचची ढील

आमच्या अण्णांची फटफटी माझ्याहून वयानं मोठी होती, आणि घरात मानही तिलाच जास्त होता. अण्णांना मुलगा नव्हता, त्यामुळं पाने-पक्कड माझ्या हातात आले. पुढं मी हायस्कुलात शिकवायला लागले, तरी शाळेतून घरी यायच्या आत गाडीची तक्रार तयार असायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं, त्या हिवाळ्यात मात्र तिनं माझा जीव नकोसा केला. अण्णा दर गुरुवारी कोडोलीला आत्याकडं जात. आत्या एकटी राहायची, आणि निवृत्त झाल्यापासून अण्णांना घराबाहेर काढणारं तेवढंच निमित्त उरलं होतं. पण जोतिबाच्या डोंगराकडचा चढ लागला की क्लच घसरायचा. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी पुढं सरकायची नाही. एसटीनं जा म्हटलं की अण्णा ताटावरून उठायचे.

क्लच उघडला तर प्लेटा जळालेल्या. नव्या टाकल्या. केबल ताणलेली होती, ती सैल केली. लेव्हरच्या बुडाशी चार आण्याचं नाणं जेमतेम शिरेल एवढी ढील ठेवायची, हे अण्णांनीच मला शिकवलेलं. ढील नसली तर लेव्हर सोडली तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि प्लेटा घसरून जळतात. थोडे दिवस बरे गेले. मग पुन्हा केबल ताणलेली, पुन्हा तोच जळका वास. स्प्रिंगा बदलल्या, केबलही बदलली. रविवारी गल्लीतली माणसं चहाचा कप घेऊन शेजारी उभी राहायची आणि सायकलची चेन बसवता न येणाराही मला अक्कल शिकवायचा. अण्णांचं एकच, मी प्लेटा नीट बसवल्या नाहीत. एकदा तर वाटलं, गाडी नेऊन रंकाळ्यात ढकलावी.

शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं लेव्हर दोनदा दाबून बघितली, केबल बघितली.

"ताई, गाडीत काय बी न्हाय," तो म्हणाला. "चालवणाऱ्याला इचारा की."

माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला काय विचारायचं?

घरी येऊन मी ढील नीट ठेवली, केबलच्या ॲडजस्टरचा नट आवळला आणि नट-ॲडजस्टर दोन्हींवरून नेलपॉलिशची एक रेघ ओढली. नट आपोआप सैल होत असेल तर कळेल, असा माझा हिशेब. गुरुवारी शाळेला सुट्टी होती. सकाळी बघितलं तर नट घट्ट, पण रेघ तुटलेली. कुणीतरी पान्यानं नट सोडून, केबल ताणून, तो पुन्हा आवळला होता. घरात पाना धरणारी माणसं दोनच.

आत आले तर आई अण्णांच्या शर्टाची बटणं लावत होती. कित्येक महिने ती लावत होती, आणि मी म्हातारपणीचे लाड म्हणून दोघांची चेष्टा करत होते. मी रागानं अण्णांचा डावा, क्लचचा हात धरला आणि माझी बोटं दाबायला सांगितलं. त्यांनी दाबली. मला ती जेमतेम जाणवली. ढील असलेली लेव्हर त्या हातानं शेवटपर्यंत दाबली जात नव्हती, म्हणून थोडं दाबलं तरी क्लच सुटावा यासाठी ते केबल ताणून घेत होते.

"आधी सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलेच.

"सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असतीस की."

घेतली असती. मला खोटं बोलता आलं नाही.

मी बाहेर जाऊन नाण्याएवढी ढील ठेवली, गाडी सुरू केली आणि अण्णांना मागं बसायला सांगितलं. ते गुमान बसले, पण चढाअलीकडच्या केर्लीपर्यंत माझी प्रत्येक चूक त्यांनी कानाशी मोजली. चढावर क्लच न घसरता गाडी सरळ वर गेली. अण्णांनी डाव्या हातानं माझा खांदा घट्ट धरला होता. निदान त्यांना तो घट्ट धरलाय असं वाटत असणार, मला फक्त त्यांच्या शर्टाची बाही लागत होती.